ऑगस्टमध्ये भरलेली काडतुसं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी व्हर्ल जॉर्गेन्सन काउंटरमागे उकिडवा बसून काडतुसांची खोकी लावत होता. लांब पल्ल्याची महागडी खोकी सगळ्यात खालच्या फळीवर, साधी डोळ्यांच्या उंचीवर. दुकानाच्या मालकाला हे उलटं हवं असतं. तो मधूनमधून येऊन महाग खोकी वर ठेवतो, व्हर्ल ती पुन्हा खाली ठेवतो, आणि यावर दोघंही एक शब्द बोलत नाहीत.

सप्टेंबर संपत आला होता. एल्कच्या, म्हणजे सांबराहून मोठ्या डोंगरी हरणाच्या, शिकारीचा हंगाम तोंडावर आला की बिटर फोर्कमधल्या या दुकानात खिळे, कुंपणाची तार आणि घोड्यांचं खाद्य यांना कुणी विचारत नाही. सगळे सरळ मागच्या काउंटरवर येतात. त्या दिवशीचं पहिलं गिऱ्हाईक डेन्व्हरहून रात्रभर गाडी हाकत आलं होतं. टोपी नवी, बूट नवे, बंदूकही नवीच असावी.

"हजार यार्डांवर एल्क आडवा होईल असं काडतूस द्या," तो म्हणाला.

"हजार यार्डांवरचा एल्क दिसतो तुम्हाला?"

"दुर्बिणीतून दिसतो की."

"दुर्बिणीतून चंद्रही दिसतो," व्हर्ल उठत म्हणाला. "मला एक सांगा. पोटावर पडून, वारा असताना, कडाक्याच्या थंडीत, ताटाएवढ्या जागेत पाचच्या पाच गोळ्या तुम्ही किती लांबून बसवल्यात?"

"थंडीत नाही बसवल्या. जुलैत सरावाला गेलो होतो."

"एल्क नोव्हेंबरात मारायचाय ना? मग जुलैचं काय सांगता?"

"अहो, तुम्ही दुकान चालवता की परीक्षा घेता?"

"मालकही हेच विचारतो," व्हर्ल म्हणाला आणि त्यानं डोळ्यांच्या उंचीवरचं एक साधं खोकं काढून पुढे सरकवलं. "हे घ्या. तीनशे यार्डांच्या आत जा, मग मारा. जाता आलं नाही तर बघा आणि परत या. बघायला परवाना लागत नाही."

तो माणूस खोकं न घेताच गेला. पुढच्या गावात त्याला हवं ते मिळालं असणार.

चार वर्षांपूर्वी हाच माणूस आला असता तर व्हर्लनं त्याला तासभर सोडलं नसतं. कोणती गोळी किती जड, किती वेगानं सुटते, आठशे यार्डांवर वारा तिला किती ढकलतो, कुठवर तिच्यात एल्कची फासळी फोडण्याचं बळ उरतं, हे सगळं त्याच्या जिभेवर होतं. लोक कॉफीचे कप घेऊन नुसतं ऐकायला उभे राहत. काउंटरमागच्या भिंतीवर सरावाचा एक कागद टाचलेला होता. त्यावर सहाशे यार्डांवरून मारलेल्या तीन गोळ्यांची भोकं होती, तिन्ही मिळून कॉफीच्या कपाखाली झाकली जातील एवढी जवळजवळ. काडतुसं व्हर्लनं स्वतः भरलेली होती. आता त्या भिंतीवर एका पशुखाद्याच्या कंपनीचं कॅलेंडर आहे.

व्हर्लचं वय अडुसष्ट. वीजमंडळात तारा ओढण्याचं काम त्यानं तीस वर्षं केलं. वारा त्याला खांबावर लटकून समजला. तार कशी घुमते यावरून तो वाऱ्याचा वेग सांगत असे आणि तो फारसा चुकत नसे. बायको एका हिवाळ्यात बॉयझीला बहिणीकडे गेली ती परत आली नाही. त्यानंतर गाडी ठेवायच्या जागेत त्यानं एक भक्कम टेबल टाकलं आणि संध्याकाळी काडतुसं भरायला लागला. पितळी नळी, बुडाची ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि गोळी, चारही वस्तू वेगवेगळ्या आणायच्या, दारूचा कण न् कण तोलायचा, एका बंदुकीसाठी एकच माप शोधायचं. हाताने भरलेलं काडतूस कारखान्यातल्या काडतुसापेक्षा सरस, असं आमच्या खोऱ्यात मानतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

क्लेल हॅडलॉक त्याचा शाळेपासूनचा मित्र. क्लेल खोगीर शिवायचा. घरामागच्या शेडमध्ये त्याचं दुकान होतं आणि त्याच्या हातचं खोगीर तीन-तीन घोडे वापरून म्हातारे झाले तरी उसवत नाही, असं लोक म्हणत. दरवर्षी हे दोघं बरोबर शिकारीला जात. क्लेलची बंदूक बापाची होती, थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात ती, पणज्यापासून पणतवंडापर्यंत सगळे वापरतात ती साधी जात. हॅडलॉकांच्या घरात दोन नियम होते. तीनशे यार्डांच्या पलीकडे बंदूक उचलायची नाही. आणि रक्त सांडलं की शिकार संपली. जनावर हाती लागो न लागो, परवान्यावरचा दिवस आणि महिना सुरीनं कापून काढायचा, म्हणजे तो परवाना वापरून झाला. कायद्यानं परवाना जनावर पडल्यावरच कापायचा असतो. हॅडलॉकांचा नियम कायद्याच्या वरचा होता.

हॉर्सथीफ नावाच्या घळीतले एल्क मोठे. तिथले परवाने मोजके, आणि ते सोडतीनं मिळतात. क्लेल दरवर्षी अर्ज करायचा. बायको लव्हॉन म्हणायची, "माझ्याशी लग्न करायलासुद्धा इतक्यांदा विचारलं नव्हतंस." चार वर्षांपूर्वी त्याचं नाव निघालं तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता आणि त्याचे दोन्ही गुडघे गेलेले होते. घोड्यावर बसून घळीच्या काठापर्यंत तो जाऊ शकत होता. खाली उतरून समोरचा चढ चढणं त्याला शक्य नव्हतं. आणि एल्क समोरच्या चढावरच असतात.

एका रविवारी तो व्हर्लकडे आला.

"माझ्या गुडघ्यांना जमत नाही ते तुझ्या गोळीला जमेल का?"

"जमेल," व्हर्ल म्हणाला.

व्हर्लच्या मते चूक त्या एका शब्दापासून सुरू झाली. थंडी किती असेल, वारा किती, त्या अंतरावर तू आजवर कधी मारलंयस का, यातलं काहीही त्यानं विचारलं नाही.

तीनशे मॅग्नम ही बंदूक त्यानंच निवडली. गोळी जड, काडतुसाची नळी मोठी, पल्ला लांब. निवडीत खोट नव्हती. सहाशे यार्डांवर एल्कसाठी ते काडतूस पुरेसं आहे, हे आजही तो सांगतो. खोट दारूत होती. त्याच्याकडे दोन डबे होते. एक नव्या जातीची दारू, जी उन्हात आणि बर्फात सारखीच जळते. दुसरी जुनी, जिला तो वर्षानुवर्षं ओळखत होता. ऑगस्टच्या उन्हात मैदानावर दोन्ही मारून पाहिल्या. जुनीचा वेग सेकंदाला पन्नास फूट जास्त आला आणि भोकं जास्त जवळ पडली. त्यानं जुनी घेतली. एल्कला त्या पन्नास फुटांनी काही फरक पडला नसता. भिंतीवरच्या कागदाला पडला.

सहाशे यार्डांसाठी बंदुकीवरच्या दुर्बिणीची नेम वरखाली करणारी चकती किती फिरवायची, तिथं त्यानं पांढऱ्या रंगाची रेघ ओढून दिली. ऑगस्ट आणि सप्टेंबरभर क्लेल त्या रेघेवर मारत राहिला आणि गोळी जिथं म्हणेल तिथं लागत राहिली. "लव्हॉन, मी आता चाळिशीत आलोय," असं तो घरी जाऊन सांगायचा. त्यावर लव्हॉन म्हणायची, "मग लाकडं फोड."

नोव्हेंबरात दोघं घळीच्या काठावर तंबू टाकून राहिले. पहाटे पारा शून्याच्या वीस अंश खाली होता. आमच्याकडे बंदूक आणि काडतुसं रात्री तंबूत घेत नाहीत, बाहेरच ठेवतात. उबेत आणली की दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते आणि सकाळी बाहेर काढली की तिचा बर्फ होतो. व्हर्लनंच दोन्ही बाहेर ठेवली. काडतुसं रात्रभर खोगिराच्या पिशवीत गारठत होती. जुन्या दारूला थंडी मानवत नाही, गारठली की ती मंद जळते आणि गोळीचा वेग घटतो, हे व्हर्लनं कुठेतरी वाचलेलं होतं. वाचलेलं सगळंच काही माणूस त्या वेळी आठवत नाही.

नर एल्क समोरच्या चढावर आला, आडवा उभा राहिला. अंतर सहाशेला दोन-चार यार्ड इकडेतिकडे. वारा नव्हता. क्लेल पिशवीवर बंदूक टेकवून पडला होता, श्वास शांत होता.

"मार," व्हर्ल म्हणाला.

एल्क पुढच्या पायावर कोसळल्यासारखा झाला, सावरला आणि तीन पायांवर झाडीत शिरला. व्हर्ल घळ उतरून पलीकडे गेला. बर्फात रक्त होतं, केस होते आणि हाडाची एक कपची होती, पायाच्या हाडाची. तो दिवस आणि दुसरा दिवस व्हर्ल मागावर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ पडायला लागला आणि माग पुसला गेला.

संध्याकाळी तंबूत क्लेलनं परवाना काढला आणि सुरी उघडली.

"अरे, काय करतोस? हंगाम संपायला अजून आठवडा आहे," व्हर्ल म्हणाला.

"रक्त सांडलं ना? मग झालं."

"कायदा असं म्हणत नाही."

"माझ्या बापानं कायद्याला विचारलं नव्हतं." क्लेलनं दिवस कापला, महिना कापला, कागदाचे दोन तुकडे शेगडीत टाकले. मग उजवा हात कंदिलासमोर धरून बघत बसला. "हात हलला, व्हर्ल."

"नाही हलला. मी बाजूलाच होतो."

"मग गोळी काय आपल्या मनानं खाली गेली?"

व्हर्लनं शेगडीत आणखी एक लाकूड सरकवलं.

उत्तर डिसेंबरात मिळालं. त्या भरणीतली काही काडतुसं त्याच्याकडे उरली होती. ती त्यानं रात्रभर गाडीच्या मागच्या उघड्या भागात ठेवली आणि सकाळी मैदानावर जाऊन सहाशे यार्डांवर मारली. भोकं जवळजवळच होती. फक्त सगळीच्या सगळी एक वीत आणि चार बोटं खाली. एल्कच्या छातीच्या मध्यावर धरलेली गोळी तेवढी खाली गेली की पाय मोडतो.

तो तिथून सरळ दुकानात आला आणि भिंतीवरचा कागद काढला. कुणी विचारलं तर "पिवळा पडला होता," म्हणाला.

नाताळात सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. नाताळाला क्लेलच्या घरी गेला तर शेडला कुलूप. क्लेलनं दुकान बंद केलं होतं. "नजर गेली, हात गेले," असं तो येईल त्याला सांगत होता. "सहाशेवर पाय मोडणारा माणूस टाका कसला नीट घालणार? कुणाचं तरी खोगीर चढावर सुटायचं आणि मान मोडायची." आरी, सुया, चामडं पकडायचा शिवणीचा लाकडी घोडा, सगळं आयडाहोच्या एका माणसाला द्यायचं ठरवलं होतं. नवी बंदूक आणि उरलेली काडतुसं मुलीला, शार्लाला दिली. बापाची जुनी बंदूक तेवढी स्वयंपाकघराच्या भिंतीवर राहिली.

त्या दिवशी सांगितलं असतं तर सामान निदान गावातच राहिलं असतं. व्हर्लनं तेव्हा सांगितलं नाही, आणि एकदा सांगितलं नाही म्हटल्यावर पुढच्या महिन्यात सांगणं आणखी अवघड झालं. पुढल्या वर्षी लव्हॉन वारली. बाई गेलेल्या घरात काडतुसांची गोष्ट काढायची नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. तीही सबबच होती, असं तो आता म्हणतो. बदल झाला तो एवढाच, की त्यानं दुसऱ्यांसाठी काडतुसं भरणं बंद केलं आणि गिऱ्हाइकांना थंडीबद्दल विचारायला लागला.

डेन्व्हरचा माणूस गेला त्याच सकाळी, आठच्या सुमारास, शार्ला आली. ती शाळेची बस चालवते. मुलांना सोडून बस बाहेरच उभी केली होती. तिच्या हातात काडतुसांचं एक खोकं होतं आणि खांद्यावर बंदुकीची चामड्याची खोळ, खोगिराला अडकवायची, एका बाजूनं उसवलेली.

"व्हर्लकाका, यंदा मी जाणार. साधाच परवाना आहे, पण आहे," ती म्हणाली. "बाबांची मॅग्नम घेऊन जाते. ही तुमचीच ना काडतुसं? आणखी वीस अशीच भरून द्या."

व्हर्लनं खोकं हातात घेतलं. उघडायची गरज नव्हती.

"ही जुनी झाली. मी आता भरत नाही. कारखान्यातली देतो."

"बाबा म्हणतात या काडतुसांनी एकदाच नेम चुकला, आणि त्यात चूक काडतुसाची नव्हती."

"ही जुनी झाली, पोरी," व्हर्ल पुन्हा म्हणाला.

"बरं, द्या मग तुमच्या मनानं." तिनं खोळ काउंटरवर ठेवली. "आणि दुसरं एक. खोगीर शिवणारा कुणी माहितीये का? ही उसवलीये. बाबांनीच शिवली होती, पण आता हात लावत नाहीत. 'माझ्या हाताचा भरवसा नाही,' म्हणतात. परवा शर्टाचं बटण लावायला मला बोलावलं. चार मैल गाडी काढून गेले मी, बटण लावायला! हात कापतात म्हणावं तर मी बघते ना, कुठं कापतात? कप उचलतात, थेंब सांडत नाही. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. मीच बस चालवून चालवून आंधळी झालेय बहुतेक."

कारखान्यातलं खोकं व्हर्लच्या हातात तयार होतं. ते देऊन तिला बसमध्ये बसवणं सोपं होतं. काउंटरवर त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. त्यानं खोकं खाली ठेवलं आणि सांगितलं. ऑगस्ट, दोन डबे, रात्रभर बाहेर ठेवलेली पिशवी, डिसेंबरची सकाळ.

शार्लानं आणलेलं जुनं खोकं हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे बाबांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला का सांगताय?"

व्हर्लनं ते जुनं खोकं उचलून काउंटरखाली ठेवलं.

"मी त्यांना सांगणार नाहीये," ती खोळ उचलत म्हणाली. "तुम्ही सांगायचं. आज. तीन वाजता मुलांना घरी सोडलं की मी तिकडेच जाणार आहे. मी पोचेन तेव्हा सांगून झालेलं असलं पाहिजे."

दुपारी तीन वाजता व्हर्ल क्लेलच्या स्वयंपाकघरात होता. क्लेल बटाटे आणि बरणीतलं एल्कचं मांस खात होता. मांस व्हर्लनंच दिलेलं, गेल्या वर्षीच्या शिकारीतलं.

"ये. ताट घे. आज काय वाट चुकलास? दुकान जळलं का?"

"जेवून आलोय."

"खोटं बोलतोस. तू कधीच जेवून येत नाहीस."

व्हर्ल उभ्यानंच बोलला. थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं, असं तो म्हणतो. क्लेल काटा हातात धरून ऐकत होता. शेवटी त्यानं एकच प्रश्न विचारला.

"किती खाली?"

"एक वीत. आणि चार बोटं."

क्लेलनं काटा ठेवला. टेबलावर वीत ठेवली, तिच्यापुढे दुसऱ्या हाताची चार बोटं ठेवली आणि ते अंतर बघत राहिला. "बरोबर," तो म्हणाला. "छातीच्या मध्यावर धरलं होतं मी. बरोबर मध्यावर."

"तुझा हात हलला नव्हता."

"ते तू त्या दिवशीही म्हणालास. तेव्हा माहीत होतं?"

"नाही. आईशपथ नाही."

"आणि नाताळात? केक खायला आलास तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

"त्या वेळी माझी आरी अजून याच गावात होती, व्हर्ल. तो आयडाहोवाला नाताळानंतर सामान उचलून घेऊन गेला. तूच चढवू लागलास ना त्याच्या गाडीत? शिवणीचा घोडा एका बाजूनं तू धरला होतास."

"धरला होता."

"जड होता?"

व्हर्ल भिंतीवरच्या बंदुकीकडं बघत होता.

"लव्हॉन," क्लेल म्हणाला आणि थांबला. मग आवाज न चढवता म्हणाला, "शेवटचं वर्षभर ती माझ्या हातांकडं बघायची. कॉफी ओतताना, सुरी उचलताना. मी काही सांडतो का बघायची. मला वाटायचं, हिला दिसतंय मी संपलोय. संपलेल्या माणसाची बायको म्हणून गेली ती. आणि तुला माहीत होतं. तू तिच्या पेटीला खांदा दिलास आणि तुला माहीत होतं."

"क्लेल, तुझे हात चांगले आहेत. तू अजूनही..."

"आता हात आहेत म्हणतोस. हत्यारं कुठायत?"

"मी आयडाहोला जातो. त्याच्याकडून परत..."

"तो मेला, गेल्या उन्हाळ्यात. पोरांनी सगळं लिलावात काढलं. ते नाही वाचलंस वाटतं कुठं?" क्लेलनं ताट बाजूला सारलं. "गोळी खाली गेली याचं मला काही नाही, लेका. कुणाच्याही हातनं होतं. माझा बापही एकदा चुकला होता. पण चुकल्यावर काय करायचं ते त्यानं आम्हाला सांगून ठेवलं होतं. तू माझ्या शेजारी बसून मला परवाना कापताना पाहिलंस. ते बघून तरी कळायला हवं होतं."

"कळलं होतं," व्हर्ल म्हणाला.

"जा आता. बरणी घेऊन जा तुझी."

शार्लाची गाडी तेव्हा अंगणात शिरत होती. व्हर्ल तिच्यासमोरून गेला. अर्धी खाल्लेली बरणी त्याच्या हातात होती.

त्यानंतर क्लेल दुकानात आलेला नाही. तो आधीही फारसा येत नव्हता. खोळ उसवलेलीच आहे. क्लेलनं ती एकदा हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि सुई मागितली. घरात कपडे शिवायच्या सुया होत्या, चामड्याची एकही नव्हती. शार्लानं खोळ दोरीनं गुंडाळली. मॅग्नम तिनं कपाटात ठेवली. क्लेलनं भिंतीवरची बापाची बंदूक उतरवून, पुसून तिच्या हातात दिली आणि तीनशे यार्ड म्हणजे किती हे अंगणातून कुंपणाचे खांब दाखवून शिकवलं.

काडतुसं घ्यायला ती दुकानात आली ती व्हर्लच्या सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्या माणसाकडून तिनं कारखान्यातलं जड गोळीचं एक साधं खोकं घेतलं. त्यातली निम्मी तिनं पहाटेच्या थंडीत, रात्रभर बाहेर ठेवून, अंगणातच मारून पाहिली. क्लेल खुर्ची टाकून शेजारी बसला होता. कितवी गोळी कुठं लागली ते तो बघत होता आणि दोन गोळ्यांच्या मध्ये स्वतःच्या हातांकडं बघत होता.

तिच्याबरोबर डोंगरात कुणीतरी जायला हवं होतं. एकटीनं एल्क मारला तरी तो खाली आणता येत नाही. क्लेलचे गुडघे त्या लायकीचे नाहीत. शार्लानं गावातली दोन-तीन नावं घेतली. क्लेलनं सगळ्यांना नाही म्हटलं. मग गेल्या आठवड्यात ती काउंटरवर आली, व्हर्लसमोर उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं बोलली.

"बाबा म्हणाले, व्हर्लला घे. त्याचे पाय चांगले आहेत आणि त्याला वारा कळतो. पण त्याच्या हातचं काडतूस घेऊ नकोस."

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी काही नाही."

"मला भेटेल का तो?"

"ते मी विचारलं नाही, काका. तुम्हीच विचारा कधीतरी. पण आत्ता नको."

व्हर्लनं मान हलवली आणि खालच्या फळीवरची खोकी नीट करायला वाकला. ती आधीच नीट होती.

हे लिहिताना शुक्रवारची संध्याकाळ आहे. दुकान बंद झालं आहे. उद्या हंगाम उघडतो. सूर्योदय सात छत्तीसला आहे आणि नियमाप्रमाणे त्याच्या अर्धा तास आधी, सात वाजून सहा मिनिटांपासून, गोळी मारता येते. व्हर्ल पहाटे चार वाजता शार्लाच्या दारात गाडी उभी करणार आहे. यंदा त्यानं स्वतःसाठी परवाना काढलेला नाही.